शेरा क्रमांक १३८

३ फेब्रुवारी

दादा,

अक्षर ओळखशील. पाकीट न उघडताच परत येईल या भीतीनं पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. पत्ता वहिनीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तीनदा फोन करून भंडावलं तेव्हा कुठं तिनं दिला. तू माझा फोन उचलत नाहीस याला आता तीन वर्षं होतील. ऑफिसच्या मेलवरून हे लिहिता येत नाही, तिथला शब्द न् शब्द जपून ठेवतात. म्हणून पेन.

आई बरी आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळं, विशेषतः जीभ, ठणठणीत.

कामाचं बोलते. नव्या इंधनाच्या परवान्यांचा आराखडा माझ्याकडे आहे. माझ्या टेबलासमोरची अख्खी भिंत त्या तक्त्यानं भरली आहे. इंधन बनवायचा परवाना, ते वाहून न्यायच्या पेटीचा परवाना, ते ज्यात जळणार त्या रिॲक्टरचा परवाना, आणि या सगळ्यांच्या मुळाशी इंधन भरवशाचं असल्याचा पुरावा. सांगायला चार चौकोन. पण प्रत्येक चौकोनातला माणूस शेजारच्या चौकोनाकडे बोट दाखवतो. परवा पेटीवाल्यांना फोन केला.

"पेटीतून काय जाणार?"

"इंधन."

"त्याला मान्यता आहे?"

"नाही, मोठ्या चाचणीला न्यायचंय."

"मग मान्यता मिळाली की या."

मान्यतावाले म्हणाले, आधी चाचणी करून आणा. मी विचारलं, नेऊ कशातून? तर म्हणे, पेटीतून. तीन वर्षांपूर्वी चाचणीला गेलेली आपली बॅच ११ ओंजळभर होती, जुन्या पेटीतून गेली. आता लागणारा माल त्या पेटीत मावत नाही, आणि नव्या पेटीकडे बघायला कुणी तयार नाही. गेले चौदा महिने मी या दोन दारांमध्ये चेंडूसारखी टोलवली जाते आहे.

पण तुझ्याकडे काम आहे ते वेगळ्याच ठिकाणी अडलंय. नियामक मंडळानं आपल्या कागदांवर एकसष्ट प्रश्न पाठवलेत. सत्तेचाळिसावा असा: "बॅच ११ च्या अहवालावरील शेरा क्रमांक १३८ चे निराकरण कसे झाले?" शेरा तुझा आहे. तू तेव्हा गुणवत्ता तपासणीत होतास आणि तू लिहिलं होतंस की ही बॅच निवडटेबलावरून दोनदा निवडून काढलेली आहे, म्हणून ती आपल्या रोजच्या मालाची प्रतिनिधी नाही. समोरच्या रकान्यात "निराकरण झाले" असं लिहिलंय, आणि त्याखाली सही माझी.

सोबत एक पानाचं निवेदन आहे. "माझ्या शंकेचे त्या वेळी समाधान झाले होते" एवढाच त्याचा अर्थ. भाषा ऑफिसची आहे, तिकडे दुर्लक्ष कर. सही करून पाठव.

त्या दिवशी जेवताना तू विचारलं होतंस, "वाचलास का, की नुसता बंद केलास?" मी म्हटलं होतं, दोनशे बारा शेरे होते, एकेक कुठं वाचत बसू. तू म्हणालास, "निदान माझा तरी." आणि ताटावरून उठलास. चुकलंच माझं. एका दुपारी दोनशे बारा शेरे संपवायचे होते आणि मी न वाचता तुझा बंद केला. तीन वर्षांनी का होईना, कबूल करते.

उत्तर पाठव. मंडळाबरोबरची बैठक अठरा एप्रिलला आहे.

तुझी धाकटी


२२ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं. वहिनी म्हणाली, तू ते वाचून घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलंस आणि कामावर गेलास. तिथल्या फरशांच्या कारखान्यात तू काय तपासतोस म्हणे, फरशी वाकडी आहे का ते? माणसानं बारा वर्षं सुईच्या टोकाएवढे थर मोजले आणि आता फरशा मोजतोय. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडा टोमणा आहे.

मंडळाच्या परीक्षक बाई गेल्या मंगळवारी कारखाना बघायला आल्या होत्या. बुटक्या, गळ्यात दोरीला चष्मा, आणि आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागतं. इंधनाच्या दाण्यांवर कवचं चढवणाऱ्या मोठ्या लेपभट्टीपाशी भट्टीवाल्या काकांनी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. जाता जाता बाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या कापड घातलेल्या टेबलाकडे गेलं.

"हे काय?"

"निवडटेबल, मॅडम. थरथरतं. गोल दाणे सरळ घरंगळतात, वाकडेतिकडे बाजूला पडतात."

"मग त्यावर कापड का?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी भट्टीकडे बघायला लागले. शेवटी काकाच म्हणाले, "मोठ्या भट्टीचा माल यावरून काढायचा तर महिने जातील, मॅडम. म्हणून ती पायरी गाळली."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. फार तर चार शब्द असतील. त्या चार शब्दांनी माझी झोप उडवली.

आईनं त्या दिवशी विचारलं, "एवढं काय असतं गं त्या दाण्यात?" तुझ्यासारखं समजावता येत नाही मला. मी म्हटलं, मोहरीएवढा दाणा, आत युरेनियम, वर चार कवचं. जे बाहेर पडायला नको ते तिसरं कवच आत धरून ठेवतं. असे लाखो दाणे रिॲक्टरमध्ये जातात. कवच सगळीकडे सारखं जाड असेल तर इतर काही बिघडलं तरी दाणा आपलं आपण सांभाळतो. आई म्हणाली, "आणि एका बाजूनं पातळ असेल तर?" मी म्हटलं, "म्हणून तर तपासतात." ती म्हणाली, "दादाच तपासायचा ना हे?" आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला. तिची ही सवय तुला माहीत आहे.

साहेब रोज विचारतात, भावाची सही आली का? माणूस वाईट नाही. चार वर्षं हा प्रकल्प त्यांनी खांद्यावर वाहिलाय आणि वरून रोज एकच विचारणा असते, कधी होणार. त्यांच्या डोळ्यांखाली आता काळी वर्तुळं आलीत. तेवढ्यासाठी तरी सही कर.

धाकटी


११ मार्च

दादा,

आलं तुझं पाकीट. निवेदन कोरं, आणि खाली पेन्सिलीनं एक ओळ: "यात लिहिलेले मी कधी म्हटले नव्हते."

झालं? तीन वर्षांत एवढंच सुचलं?

बरोबर असणं फार सोपं असतं रे, निघून जाणाऱ्याला. एकदा बरोबर ठरायचं, बॅग भरायची, दुसऱ्या गावी जाऊन फरशा तपासायच्या. मागे राहणाऱ्यानं ते बरोबर असणं रोज निस्तरायचं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू आलास, पण माझ्या ऑफिसच्या वेळेत. मी संध्याकाळी पोचायचे तेव्हा खुर्ची अजून गरम असायची आणि नर्स म्हणायची, "तुमचे भाऊ आत्ताच गेले." पाच दिवस. पाचही दिवस आत्ताच गेले! चिमणीचा दहावीचा निकाल मला शेजारणीकडून कळला. सख्ख्या आत्याला शेजारणीकडून.

आणि कशासाठी? एका रकान्यातल्या दोन शब्दांसाठी.

तुला वाटतं तुझा शेरा बंद झाला म्हणजे तुझं तोंड बंद केलं. अरे, तिथं दोनशे बारा जणांची तोंडं होती. कुणी स्वल्पविरामासाठी भांडत होतं, कुणी अहवालाच्या पुठ्ठ्याच्या रंगासाठी. तुझा शेरा हा त्यातला एक होता. तुझ्या शेऱ्यानं जग थांबायला हवं होतं का? ऑफिसात तुला "ब्रेक" म्हणायचे हे तुला कधी कळलं होतं? कळलं असेलच. तुला सगळंच आधी कळतं.

नको करूस सही. मी तुझ्याशिवाय निभावेन.


१२ मार्च

दादा,

कालचं पत्र सकाळीच टाकलं होतं आणि दुपारी पोस्टात जाऊन परत मागितलं. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, पेटीत पडलं की ते आमचं नाही, तुमचंही नाही. त्यामुळे ते तुला मिळणारच. हे आधी मिळालं तर ते वाचू नकोस. नंतर मिळालं तर जे वाचलंस ते वाचलंस.

चिमणीला सांग, आत्यानं निकालाचे पेढे मनातल्या मनात वाटले.


३० मार्च

दादा,

उत्तर नाही, तरी लिहिते. हे कुणाला तरी सांगायलाच हवं आणि इथं सांगण्यासारखं कुणी नाही.

सोमवारी भांडारातून बॅच ११ चे राखून ठेवलेले दाणे मागवले. मोठ्या भट्टीच्या पहिल्या चाचणी-बॅचचेही मागवले. चिठ्ठीवर कारण लिहिलं, "माहितीसाठी". प्रयोगशाळेतल्या काकूंनी, त्या तुझ्याच हाताखाली शिकलेल्या, दोन्ही नमुने राळेत बसवले आणि अर्ध्यापर्यंत घासून चकचकीत केले. मला म्हणाल्या, "तुम्ही स्वतः बघणार?" त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. रास्त आहे. सात वर्षं मी या दाण्यांचे परवाने मागते आहे आणि दाणा सूक्ष्मदर्शकाखाली कधी बघितला नव्हता.

बॅच ११ आधी बघितली. कापलेल्या कांद्यासारखे थर, कंपास फिरवून काढलेत असं वाटावं. एकूण एक दाणा तसाच. मग मोठ्या भट्टीची बघितली. बहुतेक दाणे चांगले होते, खरंच चांगले होते. पण मधूनच एखादा असा, की तिसरं कवच एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला जेमतेम निम्मं. काकू मोजत गेल्या, मी लिहीत गेले. तीनशे दाण्यांत अकरा. बॅच ११ मध्ये तीनशेत शून्य.

काकू म्हणाल्या, "दादा असते तर आत्ता भट्टी बंद करायला निघाले असते."

तो कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी बघितला, पालथा करून ठेवला.

"बाईंचा प्रश्न काय आहे?" त्यांनी विचारलं.

"शेऱ्याचं निराकरण कसं झालं."

"कागदावर काय आहे?"

"निराकरण झालं, असं आहे."

"कुठल्या आधारावर?"

"निवड हा प्रक्रियेचाच भाग आहे, या आधारावर."

"तेव्हा होता ना?"

"तेव्हा होता. कागदावर."

"मग तेवढंच सांगा. विचारलंय तेवढंच. अकराचं नंतर बघू, भट्टीत सुधारणा करू, हवा सोडायची नळी बदलू. आत्ता हे बाहेर काढलंत तर बॅच ११ ची तीन वर्षं पाण्यात, आणि मग हा प्रकल्पच राहणार नाही. ऐंशी माणसं आहेत इथं."

हे खोटं नाही. ऐंशी माणसं आहेत. भट्टीवाल्या काकांना निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलीत.

सोबत नवं निवेदन आहे. दोन शब्द बदललेत. "समाधान झाले होते" याऐवजी "उत्तर मिळाले होते" केलंय. उत्तर तर तुला मिळालं होतंच ना, हो की नाही? जेवणाच्या टेबलावर का होईना. बघ, जमलं तर.

धाकटी


१७ एप्रिल

दादा,

उद्या बैठक. ते नवं निवेदन फाडून टाक. सही केली असशील तरी फाड. केली नसशीलच.

पहिल्या पत्रात तुला एक गोष्ट खोटी लिहिली. तेच खोटं तीन वर्षांपूर्वी जेवतानाही बोलले होते.

मी तुझा शेरा वाचला होता.

दुपारी अडीच-तीनची वेळ असेल. एकशे सदतीस झाले होते. बहुतेक खरंच न वाचता केले होते. १३८ वर तुझं नाव दिसलं म्हणून थांबले आणि वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हाच समजला, कारण तू तो शाळेतल्या पोरालाही कळेल असा लिहिला होतास: "निवडून काढलेली हुशार मुलं परीक्षेला बसवून शाळेचा निकाल सांगता येत नाही." खाली तांत्रिक भाग होता, पण मला त्या एका ओळीतच कळलं. मी उठून भट्टीवाल्या काकांकडे गेले. विचारलं, मोठी भट्टी आली की निवडटेबल राहणार का? ते हसले. म्हणाले, "कोण बसणार निवडत? ते जाणारच." हे मी कानांनी ऐकलं, चालत परत आले, खुर्चीत बसले आणि लिहिलं, "निवड हा प्रक्रियेचा भाग आहे. निराकरण झाले."

का केलं ते मी तीन वर्षं स्वतःला एकाच पद्धतीनं सांगत आले. चाचणीच्या रिॲक्टरमध्ये आपला नंबर तीन आठवड्यांवर होता आणि तो चुकला असता तर पुढची फेरी दीड वर्षांनी. हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठी मी नुसता तुझा शेरा उघडा ठेवून बॅच पाठवू शकले असते. मंडळाला कळवायचं, ही निवडलेली आहे, पुढच्या फेरीत न निवडलेलीही पाठवू. दोन ओळींचं काम होतं. मला ते सुचलं होतं, दादा. सुचलं नव्हतं असं नाही.

खरं कारण सांगायची लाज वाटते. त्या सकाळी चहाच्या वेळी आराखड्याच्या टीमपैकी कुणीतरी म्हणालं, "आज ब्रेकच्या बहिणीकडे शेरे आहेत, म्हणजे आपण काही पुढं सरकत नाही." सगळे हसले. मीही हसले. तुला हसले. आणि दुपारी तुझा शेरा समोर आल्यावर मला एवढंच वाटलं, हा परत अडवतोय, परत सगळ्यांदेखत, आणि परत सगळे माझ्याकडे बघणार. मला तुझी लाज वाटत होती, दादा. तू चुकलास म्हणून नाही. तू बरोबर होतास आणि ते चारचौघांत होतास म्हणून.

मी न वाचता बंद केला असं तुला वाटू दिलं, कारण निष्काळजी बहीण परवडते. दुसरी परवडली नसती.

पहिलं निवेदन तुला पाठवलं तेव्हाही हे सगळं मला माहीत होतं. तुझ्या सहीनं माझं झाकायचं होतं.

उद्या काय होईल सांगता येत नाही. आता आईला औषध देऊन कपड्यांना इस्त्री करायला घेते.


२० एप्रिल

दादा,

कुणाकडून तरी ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

लांब टेबल होतं, आमच्या बाजूला नऊजण, त्यांच्या बाजूला तिघं. पहिले दोन तास आराखड्यात गेले. पेटीचा विषय निघाला तेव्हा पेटीवाले आणि मान्यतावाले पहिल्यांदाच एकाच खोलीत आले आणि एकमेकांना म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" सोळा महिने मी दोघांनाही तेच सांगत होते. पेन इतक्या जोरात धरलं होतं की बोटाला वळ उठला.

मग सत्तेचाळिसावा प्रश्न. साहेबांनी तयार उत्तर वाचलं. बाईंनी चष्मा लावला.

"हा शेरा बंद कुणी केला?"

साहेब म्हणाले, "टीमनं."

मी म्हटलं, "मी."

"वाचून केलात?"

"वाचून."

"पटला होता?"

"पटला होता."

मी त्या अकरा दाण्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि जे बघितलं ते सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. साहेबांनी मला थांबवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. ते खिडकीबाहेर बघत बसले.

मला वाटलं होतं, सगळंच संपणार. तसं झालं नाही, आणि जे झालं ते जास्त जिव्हारी लागलं. बाई त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बॅच ११ फुकट गेलेली नाही. दाण्याची रचना योग्य आहे हे तिनं दाखवलं. तुमची भट्टी तसा दाणा बनवते हे मात्र कुणीच दाखवलेलं नाही. ते वेगळं दाखवावं लागेल. मोठ्या भट्टीची, न निवडलेली बॅच, पूर्ण तीन वर्षं चाचणीत." मग वहीतलं पान उलटून हिशेब केला आणि म्हणाल्या, "तेव्हाच कळवलं असतंत तर ती पुढच्या फेरीत आत गेली असती. आज निम्म्यावर असती."

एवढंच. ना ओरडल्या, ना काही. मी आयुष्यात एवढं कडू काही गिळलेलं नाही. म्हणजे तुझ्या शेऱ्यानं काहीच अडणार नव्हतं. ज्याला आम्ही ब्रेक म्हणत होतो, त्यानंच दीड वर्ष वाचवलं असतं. अडवलं कुणी असेल तर मी.

परतल्यावर गाडीतून उतरताना साहेब म्हणाले, "उद्यापासून आराखडा दुसऱ्याकडे देतोय. तुम्ही दफ्तर सांभाळा." मी हो म्हटलं. तीन वर्षं वाढली, पण प्रकल्प बंद झालेला नाही, निदान अजून तरी. भट्टीवाले काका माझ्याशी बोलत नाहीत. "दोन वर्षांनी जाणार होतो, आता हे चालू झालेलं बघायला मिळणार नाही मला," असं कुणापाशी तरी म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या काकूंनी जिन्यात हात दाबला. बाकीच्यांचं काय सांगू! माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि नवा लावला. त्यात सात चौकोन आहेत.

आईला सगळं सांगितलं, शेरा वाचला होता हेही. ती म्हणाली, "हे मला नको, त्याला सांग." म्हटलं, सांगितलंय. तर म्हणाली, "मग आता गप्प बस. त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल. नाही वाटलं तर नाही बोलणार." आणि टीव्हीचा आवाज मात्र वाढवला नाही.

मीही आता गप्प बसते.


९ मे

दादा,

काल तुझं जाड पाकीट आलं. आईच्या समोर बसून उघडलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेली सहा पानं. वर ना "प्रिय", ना खाली नाव. पहिलीच ओळ: "मोठ्या भट्टीतून नमुने कसे घ्यावेत."

मी सहाही पानं उलटीसुलटी करून बघितली. कुठंतरी "कशी आहेस" असेल म्हणून. नाही. "जे केलंस ते वाईट केलंस" असेल, निदान तेवढं तरी. तेही नाही. भट्टीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागातून वेगवेगळे नमुने घ्यायचे, हवेची नळी बदलल्यावर पहिल्या तीन बॅच धरायच्या नाहीत, नमुना काढणारा आणि मोजणारा एकच माणूस नको, मोजणाऱ्याला बॅचचा नंबर माहीत नको. आणि पाचव्या पानावर, अधोरेखित: "शेरा बंद करणाऱ्याने तो लिहिणाऱ्याची सही घेतल्याशिवाय बंद करू नये."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. एवढं काळीज फाडून लिहिलं मी, आणि या माणसाला नळी सुचते!

आई म्हणाली, "काय लिहितोय?"

"नमुने कसे घ्यायचे ते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. सहा पानं तेच."

"सहा पानं?" ती म्हणाली. "मला तर तो सहा ओळी लिहीत नाही." आणि हात पुढे करून पानं मागून घेतली. चष्मा लावून पहिल्यापासून वाचत बसली. एक अक्षर कळत नसणार. दुपारभर वाचत होती.

आज ती पानं घेऊन माझ्या जागी आलेल्या गृहस्थांकडे गेले. ते उभ्या उभ्या चाळायला लागले आणि दुसऱ्या पानाशी येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?" मी तुझं नाव सांगितलं. "आराखड्यात जोडता येईल?" मी म्हटलं, लिहिणाऱ्याला विचारून. मग दफ्तरात आले. आता शेऱ्यांची नोंदवही माझ्याकडेच असते. १३८ समोरचं "निराकरण झाले" एका रेघेनं खोडलं, खाडाखोड नाही, मूळ अक्षर वाचता येईल असं. बाजूला "पुन्हा उघडला", तारीख आणि सही.

तर पहिली गोष्ट, जोडायची परवानगी हवी. हो किंवा नाही लिही.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या पानावर तू म्हटलंयस, प्रत्येक भागातून साठ दाणे घ्यावेत. साठ कुठून आणलेस? हा जुन्या कांड्यांच्या इंधनाचा आकडा आहे, सगळे वापरतात म्हणून तूही वापरलास. एका भट्टीत लाखो दाणे असतात. अकरा वाकडे मला तीनशेत दिसले. साठ बघितले असते तर दोनच दिसले असते, आणि मी म्हटलं असतं, चालतंय. काकूंशी बोलले, त्यांनाही साठ कमी वाटतात. पाचशेच्या खाली मी मान्य करणार नाही. वेळ लागेल म्हणशील तर लागू दे.

तुझं म्हणणं वेगळं असेल तर कारण देऊन लिही. तोपर्यंत तुझ्या तिसऱ्या पानावर माझा शेरा उघडा आहे.

धाकटी